एकच घर, एक खोली गार, एक खोली गरम

घर एकच असते. उंबरठाही एकच. तरी चैत्र-वैशाखातल्या दुपारी त्याच घराच्या माजघरात डोळा लागतो, आणि शेजारच्या पत्र्याच्या खोलीत घटकाभर बसवत नाही. असे का होते, याचा आपण आज विचार करू.

पूर्वी हे कोणी फारसे विचारीत नसे. गार जागा कोणती ते घरात सर्वांना ठाऊक असे. मांजरालासुद्धा ठाऊक असे. आता मात्र लोक विचारू लागले आहेत. याचे कारण, भोरच्या पेठेत आणि आसपासच्या गावांतही गार हवेची यंत्रे आली. त्यांना सगळे एसी म्हणतात. आम्हीही एसीच म्हणू. मुलगा पुण्याला किंवा शिरवळच्या कारखान्यात कामाला लागतो. चार पैसे गाठीला बांधतो आणि घरी एसी बसवतो. मग आठ दिवसांनी कोणी तरी आम्हांला वाटेत गाठतो आणि म्हणतो, "गुरुजी, पुढली खोली निस्ती बर्फ झालीया, आन् मागं म्हातारी उकडून निघतीया. मशीन खराब दिलं का काय?"

बहुतेक वेळा यंत्र चांगलेच असते. नेमून दिलेले काम ते चोख करते. पण ते काम कोणते, हे कळायला आधी घर कसे तापते ते कळले पाहिजे.

उष्णता थोडीफार पाण्यासारखी आहे. पाणी उंचावरून सखल जागी जाते. उष्णता गरम वस्तूकडून गार वस्तूकडे जाते. तिला बोलवावे लागत नाही. वाट सापडली की ती आत शिरते. या वाटा सगळ्या खोल्यांना सारख्या नसतात. म्हणून खोल्याही सारख्या तापत नाहीत.

सर्वांत मोठी वाट डोक्यावर आहे. ती म्हणजे छप्पर. वैशाखात सूर्य जवळजवळ माथ्यावर येतो. भिंतीवर ऊन तिरपे पडते, छपरावर सरळ पडते. लोखंडी पत्रा भर उन्हात ६० अंशांच्याही वर तापतो. आपण गरम चहा पितो तो साधारण एवढाच गरम असतो. आणि आपल्या अंगाची उष्णता किती? ३७ अंश. पत्रा पातळ असतो. वरून तापला की लगेच खालूनही तापतो. शेकोटीपुढे बसले की तोंडाला चटका बसतो आणि पाठ गारच राहते. तो चटका हवेतून नव्हे, सरळ जाळातून येतो. तापलेला पत्रा ही तशीच डोक्यावर टांगलेली शेकोटी आहे. म्हणून पत्र्याच्या खोलीत पंखा फिरत असला तरी डोके तापते.

कौलाचे तसे नाही. कौल म्हणजे भाजलेली माती. ते सावकाश तापते. शिवाय कौलाकौलात फटी असतात. छपराखाली साठलेली गरम हवा त्या फटींतून निसटते. मंगळूरला बाझेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला. पुढे ती मंगलोरी कौले दूरदूरच्या गावांत पोचली. त्याआधी आपल्याकडे कुंभाराची नळीची कौले होती. हिरडस मावळात आणि वेल्ह्याच्या बाजूला गरिबाचे घर गवताने शाकारलेले असे. भिंती कारवीच्या कुडाच्या. वरून शेणामातीचे लिंपण. ते घर सर्वांत गार. पण त्याला आगीचे भय, आणि दरसाल शाकारणीचा खर्च. कौले वानरे फोडतात. म्हणून लोकांनी पत्रा घातला. त्यांना नावे ठेवणे आम्हांला पटत नाही. ज्याचे घर पावसाळाभर गळते, त्यालाच पत्र्याची किंमत कळते. आमच्या शाळेतही एक वर्ग कौलाखाली आणि एक वर्ग पत्र्याखाली भरे. दुपारी दोन वाजता पत्र्याखालची मुले पेंगत. ती काही आळशी नव्हती. म्हणून उन्हाळ्यात तो वर्ग सकाळी भरवीत असू.

दुसरी वाट पश्चिमेच्या भिंतीची. सकाळचे ऊन पूर्वेच्या भिंतीवर पडते, पण तेव्हा हवा थंड असते. दुपारनंतरचे ऊन पश्चिमेच्या भिंतीवर पडते, तेव्हा हवा आधीच तापलेली असते. म्हणून मावळतीकडची खोली दिवेलागणीला फार तापते. जुन्या घरांना त्या अंगाला पडवी असे किंवा गोठा असे. ऊन त्यांच्यावर पडे, भिंतीवर पडत नसे. आता पडवी काढून तेथे खोली बांधतात. मग उन्हाचा सगळा मारा त्या खोलीवर होतो. चूल, गॅसची शेगडी आणि फ्रीज यांचीही भर पडते. फ्रीजच्या पाठीमागे हात धरून बघा. आतली उष्णता काढून तो घरातच टाकत असतो.

आणि गरम हवा कोंडते, ती वेगळीच. गरम हवा हलकी होऊन वर चढते. वर वाट असेल तर बाहेर जाते, नाही तर माळ्याखाली साठून राहते. भोरचा पंतसचिवांचा राजवाडा पुष्कळांनी पाहिला असेल. सिनेमाची माणसे तेथे वरचेवर येतात, पण आपण भिंती पाहायला जावे. भिंती चांगल्या जाड. मध्ये उघडे चौक. चौकातली गरम हवा वर जाते आणि चौकाभोवतीच्या खोल्यांतून हवा सरकत राहते. गरिबाच्या घराला चौक कोठून असणार? पण वर झरोका आणि समोरासमोर दोन खिडक्या असू शकतात. एकच खिडकी पुरत नाही. भरलेल्या पोत्यात आणखी धान्य जात नाही, तशी बाहेर पडायला वाट नसेल तर नवी हवा आत शिरत नाही.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. गार खोली दिवसभर एकच नसते. जाड मातीची भिंत दुपारची उष्णता पोटात घेते. ती उष्णता भिंतीतून पलीकडे पोचायला बरेच तास लागतात. म्हणून दुपारी दोनला मातीचे माजघर गार लागते. रात्री मात्र भिंत ती उष्णता परत द्यायला लागते. त्यात हवा कोंडलेली असली तर जीव घाबरा होतो. पत्र्याचे उलट आहे. पत्रा दुपारी भाजतो, पण सूर्य मावळला की लवकर निवतो. मध्यरात्री तो हाताला गार लागतो. सिमेंटच्या स्लॅबची तऱ्हा तिसरीच. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि मध्यरात्र उलटेपर्यंत खाली सोडत राहतो. म्हणून नव्या बंगल्यातली वरची खोली रात्री अकरालाही तापलेली असते, आणि खालची खोली त्या मानाने बरी असते. ज्यांचे घर दुमजली आहे त्यांना हे आम्ही सांगायला नको.

आता एसीकडे येऊ. एसी गारवा तयार करतो असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. तो खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. घाम आलेल्या अंगाला वारा लागला की गार वाटते, कारण घाम सुकताना अंगातली उष्णता घेऊन जातो. एसीच्या नळ्यांतला द्रव असाच आत उष्णता घेतो, त्याची वाफ होते, ती बाहेरच्या पेटीत दाबली जाते आणि तेथे उष्णता सोडते. म्हणूनच बाहेरची पेटी गरम वारा फेकते. पहिले असे यंत्र माणसांसाठी नव्हतेच. १९०२ साली अमेरिकेत विलिस कॅरिअर नावाच्या तरुण इंजिनिअराने ते एका छापखान्यासाठी आखले. दमट हवेने कागद फुगे आणि रंग जागेवर बसत नसत, म्हणून हवा कोरडी करायची होती. कागदाची सोय आधी झाली, माणसाची मागून!

एसी किती टनाचा, असे दुकानात विचारतात. हा टन यंत्राच्या वजनाचा नव्हे. सुमारे ९०० किलो बर्फ २४ तासांत वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता २४ तासांत बाहेर काढणारे यंत्र म्हणजे एक टनाचे. बर्फाने गारवा करीत, त्या काळचे हे माप आहे.

खोली म्हणजे विहीर समजा. उष्णता म्हणजे झऱ्यांचे पाणी. एसी म्हणजे पंप. पंप एका विहिरीला लावला आणि शेजारची विहीर का आटत नाही म्हणून विचारले, तर लोक हसतील. पुढच्या खोलीतला एसी मागची खोली गार करीत नाही, याचे कारण एवढेच आहे. काही जण म्हणतात, मधली दारे उघडी टाकू, म्हणजे सगळे घर गार होईल. होत नाही. गार हवा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि दाराखालच्या फटींतून निघून जाते. मागच्या पत्र्यातून उष्णतेचे झरे वाहतच असतात. पंप रात्रंदिवस चालतो आणि एकही विहीर आटत नाही. पुढची खोली गार व्हायची राहते, मागची होत नाही, आणि बिल मात्र येते. साधा पंखा एका युनिटात सुमारे १३ तास फिरतो. दीड टनाचा एसी भर उन्हाळ्यात साधारण तासाभरात एक युनिट घेतो, कधी त्याहूनही जास्त.

आणखी एक गोष्ट आम्ही दोन-तीन घरी पाहिली. एसी पुढच्या खोलीत, आणि त्याची बाहेरची पेटी मागच्या बोळात, सैपाकघराच्या खिडकीपाशी. पुढे पाहुणे गार हवेत बसतात. त्यांच्या खोलीतली सगळी उष्णता ती पेटी सैपाकघरात फेकते, आणि तेथे बाई भाकरी भाजत असते. मग मागची खोली एसी नव्हता तेव्हापेक्षा जास्त तापते! म्हातारी उकडून निघते म्हणतात ते खरेच असते. पेटी मोकळ्या जागी, सावलीत, वारा अडणार नाही अशी बसवावी. कोणाच्याही खिडकीसमोर बसवू नये, शेजाऱ्याच्याही नाही.

आपली काही मुले अमेरिकेत आहेत. तिकडे पुष्कळ घरांत सगळ्या घराला मिळून एकच मोठे यंत्र असते. पत्र्याच्या मोठ्या नळ्यांतून गार हवा खोल्याखोल्यांत नेतात. आता वाटेल की तेथे तरी सगळ्या खोल्या सारख्या असतील. नसतात. नीरेच्या कालव्यावरच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला विचारा. भाटघर भरलेले असले तरी टोकाला पाणी पोचेपर्यंत वरच्यांनी घेतलेले असते. वाटेत पाझर असतो तो वेगळा. हवेच्या नळीचेही तसेच आहे. यंत्राजवळच्या खोलीला भरपूर, लांबच्या खोलीला उरलेले. वरच्या मजल्यावर छपराचा ताप जास्त, म्हणून तेथे गार हवाही जास्त हवी, आणि नेमकी तेथेच कमी पोचते. शिवाय दार घट्ट लावले की जुनी हवा बाहेर जायला वाट राहत नाही, मग नवी आत येत नाही. ते पोत्यासारखेच झाले. उपाय कालव्याचाच. जवळच्या खोल्यांची झडप थोडी आवळायची, नळीची गळती बुजवायची, आणि दाराखाली बोटभर फट ठेवायची.

हे सगळे नुसत्या सोयीचे असते तर आम्ही एवढे लिहिले नसते. २००३ साली ऑगस्ट महिन्यात फ्रान्स देशात उन्हाची मोठी लाट आली. सुमारे १५ हजार माणसे दगावली. बहुतेक म्हातारी होती. त्यांतली पुष्कळ उन्हात राबत नव्हती, आपापल्या घरात होती. पुढे तपास झाला, तेव्हा असे दिसले की ज्यांची झोपायची खोली अगदी छपराखाली होती त्यांना धोका जास्त होता. पॅरिस शहरात जुन्या इमारतींचे छप्पर पुष्कळदा जस्ताच्या पत्र्याचे असते. म्हणजे श्रीमंत देशातही पत्र्याखाली म्हातारे माणूसच सापडले.

आपल्या घरी काय होते ते ज्याने त्याने बघावे. चांगली खोली पाहुण्यांना. एसीची खोली कमावत्या मुलाला. मागची पत्र्याची खोली आजीला, नाही तर बाळंतिणीला. कोणी मुद्दाम करत नाही. चालत आलेले असते. पण म्हाताऱ्या माणसाला तहान कमी लागते, घाम कमी येतो. तान्ह्या मुलाला सांगता येत नाही. उष्णता सर्वांत कमी सोसते ते माणूस सर्वांत गरम खोलीत, अशी ही वाटणी आहे. एसी घरात असेलच, तर त्या दुपारी त्या खोलीत आजीची खाट आधी हवी. आमचे हे म्हणणे काही घरांत आवडले नाही, तरी आम्ही म्हणतो.

एसी घेण्याआधी झरे बुजवावेत. पत्र्याखाली हातभर अंतर सोडून बांबूची तट्टी किंवा फळ्या ठोकाव्यात. पत्र्याचा चटका तट्टी झेलते. मधल्या जागेची दोन्ही टोके उघडी ठेवली की तेथली गरम हवा वाहून जाते. पत्र्यावर भाताचा पेंढा पसरतात, त्याने फरक पडतो. पण जवळून विजेची तार किंवा चुलीचे धुराडे गेले असेल तर पेंढा नको. भोपळ्याचा वेल चढवला तर फारच छान, मात्र वैशाखात त्याला पाणी कोठून घालणार? घाटमाथ्याकडच्या आपल्या गावांत पावसाळ्यात पाणी मावत नाही आणि उन्हाळ्यात प्यायला मिळत नाही. न्हाणीचे पाणी वेलाला वळवता आले तरच हे जमते. स्लॅबवर पांढरा चुना मारावा. पांढरा रंग ऊन परतवतो. अहमदाबादला २०१० सालच्या उन्हाने पुष्कळ माणसे गेली. तेथील महापालिकेने २०१३ साली उष्णतेपासून बचावाची योजना आखली, आणि पुढे गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी केली. अशा छपराखालची खोली दोन ते पाच अंश कमी तापते. पत्र्यावर मात्र साधा चुना टिकत नाही, पहिल्या पावसात धुऊन जातो. त्यासाठी वेगळा पांढरा रंग मिळतो.

कूलरबद्दलही लोक घोटाळा करतात. एसीला खोली बंद लागते. कूलरला खिडकी उघडी लागते. बंद खोलीत कूलर लावला की हवा दमट होते आणि घाम सुकत नाही. जूनची दमट हवा आली की कूलरचा उपयोग तसाही कमी होतो. पंखा हवा गार करीत नाही, घाम सुकवतो. हवा ४० अंशांवर गेली तर नुसता पंखा गरम झळ मारतो. तेव्हा अंग ओल्या फडक्याने पुसून मग वारा घ्यावा.

एसी २४ अंशांवर ठेवला तर पुरतो. २०२० सालापासून आपल्या देशात नवे एसी सुरू करताच २४ वरच लागतात, असा नियम आहे. २४ अंश म्हणजे किती गार? खोबरेल तेल साधारण तेवढ्याच उष्णतेला थिजू लागते. खोलीत बाटलीतले तेल घट्ट झाले, तर एसी गरजेपेक्षा जास्त चालवला आहे असे समजावे. जाळी पंधरा दिवसांनी धुवावी. धुळीने जाळी बुजली की यंत्र धापा टाकते.

आपल्या घरात कोणती खोली केव्हा तापते हे कळायला यंत्र लागत नाही. दुपारी दोनला आणि रात्री जेवणानंतर, प्रत्येक खोलीच्या भिंतीला हाताची मागची बाजू लावा. मग डोक्यावर हात उंच धरून छपराकडून येणारी झळ बघा. चार दिवसांत घराचे वेळापत्रक पाठ होते. त्याप्रमाणे म्हाताऱ्या माणसाची खाट दुपारी मातीच्या माजघरात हलवावी आणि रात्री ओटीवर किंवा पडवीत आणावी. कोणी बरळू लागले, अंग भाजत असून घाम थांबला, शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा. अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ या क्रमांकावर फोन करून गाडी बोलवावी. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

रात्री बाहेर निजायचे तर खाटेवरच निजावे, जमिनीवर नको. मण्यार रात्री फिरते, आणि तिचा दंश पुष्कळदा झोपेत कळतही नाही. मच्छरदाणी लावून तिची कड चारी बाजूंनी गादीखाली खोचावी.